दोन व्याही आणि पन्नास मायक्रॉन

महाराष्ट्रातल्या प्लॅस्टिकबंदीवर बोलायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत एकमत होतं आणि सहाव्या मिनिटाला मोडतं. प्लॅस्टिकचा कचरा नको, हे सगळ्यांना मान्य असतं. तो रोखायचा कुणाच्या दारात, यावर घोडं अडतं. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ ला अधिसूचना काढली. रामदास कदम तेव्हा पर्यावरणमंत्री होते. आधार २००६ च्या अविघटनशील कचरा नियंत्रणाच्या कायद्याचा होता. उत्पादन, वापर, विक्री, वाहतूक, साठवण अशी सरसकट बंदी. मामला उच्च न्यायालयात गेला, स्थगिती मिळाली नाही, आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. त्याला आता बरीच वर्षं झाली. भाजीवाल्याकडे पिशव्यांचं बंडल अजून आहे. पूर्वी ते हातगाडीच्या दांडीला लटकत असे, आता गोणपाटाखाली असतं.

खाली बोलणारे दोघे एकमेकांचे व्याही. नानांचा वसईला पिशव्यांचा गाळा होता, अण्णा एका महापालिकेच्या घनकचरा विभागातून निवृत्त झाले. ही अमुक माणसं कोण, हे कुणी शोधायला जाऊ नये. बऱ्याच जणांची बोलणी मी या दोन तोंडांत घातली आहेत. व्याही केले ते सोयीसाठी. टोमणा मारायची मुभा आणि उठून जायची बंदी, अशी दोन्हींची सोय या नात्यात आहे.

नाना : अण्णा, पथक माझ्याकडे आलं तेव्हा मी त्यांना चहा पाजला. जीएसटीचा नंबर दारावर, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती भिंतीवर फ्रेम करून लावलेली. ज्याचा पत्ता सापडला त्याला तुम्ही कुलूप लावलंत. ज्याचा पत्ताच नाही तो रात्रपाळीत मशिन चालवतोय.

अण्णा : पत्ता होता म्हणून आधी तुमच्याकडे आले, हे कबूल. पण तुमची पिशवी शेवटी कुठे पोचते ते मी बघितलंय. मे महिन्यात नालेसफाईला पोकलेन लावतो ना, त्याची बकेट वर आली की गाळ निथळून जातो आणि दातांना पिशव्या लोंबत राहतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो पिशव्यांनी पाडला नाही, आणि एवढं पाणी कुठलंही गटार ओढू शकलं नसतं. पण नंतर पाणी उतरेना, तेव्हा जाळ्यांवर काय चिकटलं होतं ते आम्ही हाताने काढलंय.

नाना : म्हणून तर २००६ साली पन्नास मायक्रॉनचा नियम आला. आमचा त्याला विरोध नव्हता. जाडी ठरवा, आम्ही पाळतो.

अण्णा : पाळलीत?

इथे नाना हसतात. उत्तर देत नाहीत असं नाही. आधी मशिन समजावून सांगतात. दाणा हॉपरमध्ये पडतो, एक्स्ट्रुडरमध्ये वितळतो आणि गोल डायमधून फुग्यासारखा वर चढतो. वर दोन रोल त्याला चपटा करून ओढून घेतात. जाडी ठरते ती या ओढण्यात. रोलचा वेग वाढवला की फिल्म पातळ, कमी केला की जाड. डाय बदलावी लागत नाही, दाणा बदलावा लागत नाही. एक बटण फिरवायचं.

नाना : आता हिशेब ऐका. आठ बाय बाराची पिशवी धरा, नियमातली सगळ्यात लहान. पन्नास मायक्रॉनने काढली तर किलोत १७० बसतात. वीस मायक्रॉनने काढली तर ४२५. गिऱ्हाईक पिशवी मोजून घेतो, मी दाणा वजनावर घेतो. शेजारचा वीसने काढतोय आणि तपासायला कुणी फिरकत नाही, तर मी किती दिवस पन्नासवर राहणार?

अण्णा : म्हणजे नाही पाळलीत. आणि तपासायचं म्हणाल तर कसं ते मी सांगतो. आमच्या इन्स्पेक्टरकडे एक मायक्रोमीटर. बाजारात पिशवी धरायची, तोंड उघडून एकच पदर चिमटीत घ्यायचा. घाईत दोन्ही पदर घेतले की पंचवीसची पिशवी पन्नासची होते, आणि दुकानदार ते मुद्दाम करून दाखवतो. एकाच पिशवीत इथे बावन्न, तिथे चव्वेचाळीस. मग पंचनामा, नमुना, प्रयोगशाळा. भाजीमंडईत सकाळी सात वाजता हे कोण करणार? बारा वर्षं करून बघितलं. बंदी आली तेव्हा निदान एक गोष्ट सोपी झाली: पिशवी दिसली की गुन्हा. मोजायचं काम संपलं.

सरसकट बंदीच्या बाजूने मी ऐकलेला हा सगळ्यात प्रामाणिक युक्तिवाद. यात पर्यावरणाचा उल्लेखच नाही. नियम असा हवा की तो मोडलेला उघड्या डोळ्यांना दिसावा, एवढंच अण्णांचं म्हणणं. अडचण ही की कायदा तसा फार काळ राहिला नाही. दंड सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच किराणा दुकानदारांच्या पॅकिंगला सवलत मिळाली, अट अर्थातच पन्नास मायक्रॉनची. अण्णांचा मायक्रोमीटर कपाटातून परत बाहेर आला.

नाना : आता तुम्हाला एक चाललेला कायदा दाखवतो. आपल्या डोक्यावरचा एसी. त्याच्यावरचे तारे. ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ चा, बीईई म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरो २००२ साली सुरू झालं, २००६ मध्ये तारे आले ते ऐच्छिक. २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, ट्यूबलाइट आणि एसी यांना सक्ती. तेव्हापासून पट्टी हळूहळू वर सरकवतात. जुलै २०२२ ला सरकवली तेव्हा जूनमधला पाच तारेवाला एसी रातोरात चार तारेवाला झाला. कुणाच्या घरी पथक आलं? कुणाला ५,००० रुपये दंड झाला? १ जानेवारी २०२० पासून तारेवाला नवीन एसी चालू केला की चोवीस अंशांवरच सुरू होतो. ज्याला अठरा पाहिजे त्याने बटण दाबावं. बहुतेक लोक दाबायचा कंटाळा करतात. लोकांच्या आळसावर चालणारा कायदा मला आवडतो बुवा.

अण्णा : आवडेलच. कारण त्यात बिल कमी येतं आणि ते ग्राहकाच्या खिशात राहतं. बीईई म्हणतं, एक अंश वर ठेवलात तर सहा टक्के वीज वाचते. ग्राहक कायद्याच्या बाजूने उभा राहतो. पिशवीत ग्राहक कुणाच्या बाजूने आहे? फुकट मिळते, आणि तुंबतं ते दुसऱ्याच्या वस्तीतलं गटार. पुन्हा एसी बनवणाऱ्या कंपन्या किती? एका हॉलमध्ये बैठकीला बसतील. पिशवीच्या कारखान्याला काय लागतं? एक एक्स्ट्रुडर, एक कटिंग-सीलिंगचं मशिन आणि थ्री फेज कनेक्शन.

नाना : मग दाण्यावर पकडा. दाणा बनवणाऱ्या कंपन्याही एका हॉलमध्ये मावतील.

अण्णा : त्याच दाण्याची दुधाची पिशवी होते, ठिबकच्या नळ्या होतात, शेततळ्याचा कागद होतो. दाणा कुणाकडे गेला ते कळेल, त्याचं काय केलं ते तुमचा रोलच सांगणार. आणि भंगार वितळवून दाणा काढणारे वेगळेच, ते कुठल्या हॉलमध्ये बसवू? शिवाय राज्याचा कायदा अच्छाडच्या नाक्यावर संपतो. पलीकडे वापी.

नाना : वापीच्या मालानेच आम्हाला मारलं. हे तुम्ही बोललात, बरं झालं.

अण्णा : बोलणारच. सिक्कीमने १९९८ मध्ये बंदी घातली. डोंगरातलं राज्य, आत यायचे रस्ते मोजके, चाललं. आपल्याकडे भिवंडीच्या गोदामात रात्री किती ट्रक उतरतात? राज्याने एकट्याने कायदा करायचा तर आधी आपल्या वेशी किती ते मोजायला पाहिजे.

नाना : आपली पोरं राहतात त्या कॅलिफोर्नियाने केलाच की एकट्याने. १९७४ चा कायदा, गव्हर्नर रेगन. ते काही झाडाला मिठी मारणारे गृहस्थ नव्हते. त्या कायद्याने नेमलेल्या आयोगाने फ्रिजला विजेची मर्यादा घातली. मग बाकीची राज्यं आपापले आकडे काढायला लागली, तेव्हा कंपन्या कंटाळल्या आणि स्वतःच म्हणाल्या, देशाला एकच नियम द्या. १९८७ ला तो आला.

अण्णा : कॅलिफोर्नियासाठी वेगळा फ्रिज काढायचा तर वेगळी लाइन लागते, खर्च येतो. वापीवाल्याला महाराष्ट्रासाठी काय वेगळं करायचंय? बटण फिरवायचं. तुम्हीच सांगितलंत.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि आपल्याकडच्या चर्चेत तो क्वचितच येतो. कायद्याचं यश सरकारच्या इच्छाशक्तीवर असतं असं आपण म्हणतो, आणि मंत्र्याचं नाव घेऊन त्याला शाबासकी किंवा शिव्या देतो. वस्तूचा स्वभावही पाहावा लागतो. जी वस्तू बदलायला भांडवल आणि दोन वर्षांची तयारी लागते, तिला कायदा लावता येतो, कारण एकदा बदलली की ती सहज मागे जात नाही. जी वस्तू रात्री पातळ आणि पथक आल्यावर जाड करता येते, तिच्यामागे कायदा नुसता पळत राहतो.

पण नानांच्या भात्यातला खरा बाण अजून बाकी होता.

नाना : तुम्ही वीज वाचवायचा कायदाही चांगला म्हणता आणि कापडी पिशवीही चांगली म्हणता. दोन्ही एकदम कसं? ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये पिशव्यांचा अभ्यास छापला. कापूस पिकवण्यापासून धरलं तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, तेव्हा कुठे ती एकदा वापरून फेकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. हवामानाच्या हिशेबात म्हणतोय. माझी पिशवी म्हणजे ऊर्जा बचतीचा कळस. अडीच ग्रॅममध्ये पाच किलो कांदे.

अण्णा : अगदी मान्य. त्या हिशेबात गटार धरलेलं नाही. गाईचं पोट धरलेलं नाही. आणि १३१ चं म्हणाल, तर आमच्या हिच्या दळणाच्या पिशवीला विचारा. तिचे बंद दोनदा बदललेत.

नाना : तुमच्या घरची सांगू नका. लग्नात तुम्हीच वाटलेल्या शंभर कापडी पिशव्यांपैकी किती कपाटात पडून आहेत?

अण्णा : (थांबून) बऱ्याच.

असे दोन कायदे एकाच पर्यावरणाच्या नावाखाली असतात आणि वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. एक युनिट मोजतो, दुसरा नाल्यातला कचरा मोजतो. ऊर्जेच्या तागडीत जी वस्तू हलकी ती गटाराच्या तागडीत जड, असं सर्रास घडतं. हे लपवायचं कारण नाही. मुंबईसारख्या शहराने, जिथे भरतीच्या वेळी पाऊस आला तर समुद्र पाणी घेत नाही, गटाराला जास्त वजन दिलं तर ते समजण्यासारखं आहे. पण ते तसं मोकळेपणाने सांगावं. 'पृथ्वी वाचवा' म्हणून पिशवी हिसकावली की नानांसारखा माणूस १३१ चा आकडा काढतो आणि आपल्याला उत्तर सुचत नाही.

अण्णा : आता जाडीचं जरा उलटं बघा. तुम्ही म्हणालात, किलोत ४२५ पिशव्या बसतात. तो किलो गोळा कोण करतं? कचरा वेचणारी बाई. तिला एक किलो भरायला सव्वाचारशे वेळा वाकावं लागतं, आणि तेही पिशवी स्वच्छ असली तर. कोण वाकेल? दुधाची पिशवी जाड असते, म्हणून बायका धुऊन वाळवून रद्दीवाल्याला देतात. त्यासाठी कुठला कायदा लागला? २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला पन्नास पैसे परत द्यायची योजना होती, ती कागदावरच राहिली. रद्दीवाला मात्र आधीपासून घेतच होता.

नाना : म्हणजे माझंच म्हणणं आलं! केंद्राने काय केलं? पिशवी ३० सप्टेंबर २०२१ पासून पंचाहत्तर मायक्रॉन, ३१ डिसेंबर २०२२ पासून एकशेवीस. एकशेवीसच्या किलोत सत्तर बसतात. बाई सत्तर वेळा वाकेल. दुकानदार ती फुकट देणार नाही, चार-पाच रुपये मागेल. म्हणजे गिऱ्हाईक घरून पिशवी आणेल. बंदी न घालता बंदी.

अण्णा : चार-पाच रुपये मागेल, जर वीसवाली शेजारी फुकट मिळत नसेल तर. आपण परत मायक्रोमीटरवर आलो.

माझा कल इथे नानांकडे झुकतो, पण अर्धाच. किंमत आणि वजन वाढवून वस्तू गोळा करण्यालायक करायची, हा विचार दंडापेक्षा शहाणा आहे. मात्र त्याला पूरक असा कारखान्याच्या दारातला पहारा लागतो, आणि आपल्याकडे पहारा नेहमी मंडईच्या दारात असतो. कारण सोपं. भाजीवाला पळून जाऊ शकत नाही आणि त्याला वकीलही नसतो. त्याची दिवसाची कमाई आणि ५,००० रुपयांची पावती शेजारी ठेवून पाहिली की त्या पावतीऐवजी हातावर काय टेकवलं जात असेल ते सांगायला नको.

अण्णांना मी एका गोष्टीवर मुद्दाम छेडलं. ज्या महापालिकांना पिशवी सांभाळता आली नाही, त्यांच्याच गळ्यात आता इमारती येताहेत. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, १ जानेवारी २०२३ पासून ती लागू आहे. इमारतींच्या ऊर्जा संहितेची मर्यादा आधी ५०० किलोवॅट जोडभाराची होती, ती २०१० मध्येच १०० वर आली होती; २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतींनाही संहितेत आणायची वाट मोकळी केली. ही संहिता आपल्या हवामानाला जुळवून घ्यायची जबाबदारी राज्याची, आणि नकाशे मंजूर करायचं टेबल शेवटी महापालिकेचंच. भिंतीतून उष्णता किती आत येईल, खिडकीची काच कसली, हे तपासणार कोण?

अण्णा : खरं सांगू? नकाशावर तपासलं जाईल. भोगवटा पत्र मिळेपर्यंत सगळं चोख असेल. सोलर हीटरचंच घ्या. परवानगीसाठी गच्चीवर पॅनेल चढतं. वर्षभराने जाऊन बघा. काचेवर बोटभर धूळ, पाइप उखडलेला, स्टँडला कपड्यांची दोरी बांधलेली. खाली प्रत्येक फ्लॅटमध्ये गीझर. आणि सोसायटी मालमत्ता करातली सवलत मात्र दर वर्षी घेते. दुसऱ्यांदा तपासायला माणूस नाही हो आमच्याकडे. असता तर मी त्याला नाल्यावरच पाठवला असता.

नाना : म्हणून म्हणतो, गच्चीवर जाऊच नका. काच बनवणाऱ्याकडे जा, वीट बनवणाऱ्याकडे जा. एलईडीचं काय केलं? २०१५ मध्ये उजाला योजना आली. सरकारने घाऊक खरेदी केली, तीनशे दहा रुपयांचा बल्ब लिलावात अडतीसवर आला. छत्तीस कोटींवर बल्ब वाटले. जुन्या पिवळ्या बल्बवर कुणी बंदी घातली होती? दुकानदाराने आपणच ठेवायचं बंद केलं.

अण्णा : बल्बमध्ये तंत्रज्ञान स्वस्त होत चाललं होतं, सरकारने धक्का दिला. पिशवीत वीस मायक्रॉनपेक्षा स्वस्त काय आहे? केळीचं पान? तुमच्या वसईतसुद्धा आता विकत घ्यावं लागतं. 'कंपोस्टेबल' म्हणून ज्या पिशव्या आल्यात त्यांच्यातली खरी कुठली आणि नुसता शिक्का मारलेली कुठली, हे माझ्या इन्स्पेक्टरला हातात धरून कळत नाही. मायक्रोमीटर तरी होता.

नाना : बरं, मग काय करावं म्हणता? सरळ सांगा.

अण्णा : बंदी उठवू नका. तारीख मात्र आधी सांगा. २०१८ ला पाडव्याच्या आसपास घोषणा आणि जूनमध्ये दंड, हे चुकलं. कारखानदाराला कर्ज फेडायला वेळ पाहिजे, हे मी आता मान्य करतो. तुम्ही मशिन विकलंत ते भंगाराच्या भावात गेलं.

नाना : ते विकलं एकाला. त्याने ते सीमेपलीकडे नेऊन लावलं. चालू आहे.

अण्णा : आणि तिथला माल?

नाना : इकडेच येतो, आणखी कुठे जाणार? माझी मागणी एवढीच. एसीवाल्यांना जसं आधी कळवतात, तसं आम्हालाही कळवा. आज सांगा की अमुक वर्षी एवढी जाडी, तमुक वर्षी बंद. सगळ्या राज्यांना एकच तारीख. मी माझ्या हाताने शटर ओढतो.

अण्णा : आणि तारीख जवळ आली की मुदतवाढीचं पहिलं निवेदन तुमच्याच संघटनेचं येईल.

नाना : येईलच. त्यावर मीच पहिली सही करीन. निवेदन देणं आमचं काम, अण्णा. ते फेटाळणं कुणाचं?